तारेचे वेटोळे आणि मोठा आवाज

घरात संगीत वाजविणाऱ्या यंत्रांचा इतिहास लिहिताना लेखकांची दृष्टी सहसा ध्वनिमुद्रणाच्या साधनांवर खिळते. मेणाचे नळकांडे, लाखेची तबकडी, चुंबकीय फीत आणि चकचकीत चकती यांच्या वंशावळी तपशीलवार नोंदल्या गेल्या आहेत. परंतु या सर्वांनी साठवलेला नाद अखेरीस ज्याच्या कंपनांतून श्रोत्याच्या कानी पडतो त्या ध्वनिक्षेपकाच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या स्पीकरच्या, सोशिकतेचा इतिहास मात्र दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या स्मरणात आणि कारखान्यांच्या सूचनापत्रिकांतच राहिला. लोहचुंबकाच्या अरुंद खाचेत, दोन्ही अंगांस मिलिमीटरच्या अंशाएवढी मोकळीक ठेवून, तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे टांगलेले असते. त्यातून विद्युत्प्रवाह वाहू लागला की ते पुढेमागे सरकते, त्याला चिकटवलेला कागदी शंकू हवेला ढकलतो आणि गाणे ऐकू येते. हे वेटोळे जळते, घासते, क्वचित आपल्या जागेवरून उखडून येते. आणि या तिन्ही आपत्तींच्या मुळाशी बहुतेक वेळा श्रोत्याला हवा असलेला मोठा आवाज असतो. गेल्या शंभर वर्षांत या आपत्तीचे स्वरूप कसे पालटत गेले आणि तिच्या निवारणाच्या तजविजी कशा निघाल्या, हे पाहू लागले म्हणजे एक गोष्ट वारंवार नजरेस येते: संगीत शुद्ध करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सुधारणेने, पूर्वी श्रोत्याला कानानेच मिळणारी धोक्याची एखादी सूचना हिरावून घेतली, आणि ती सूचना मग यंत्राच्या पोटात कोठेतरी नव्याने बसवावी लागली.

चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याची कल्पना जर्मनीत अर्न्स्ट सीमेन्स याने १८७४ मध्येच पेटंटात नोंदविली होती, आणि इंग्लंडात ऑलिव्हर लॉज याने १८९८ मध्ये त्याच तत्त्वावरच्या मोठ्याने बोलणाऱ्या टेलिफोनचे पेटंट घेतले. तथापि क्षीण विद्युत्प्रवाहाला बळ देणारे साधनच तेव्हा अस्तित्वात नसल्यामुळे ही दोन्ही पेटंटे दीर्घकाळ दप्तरातच पडून राहिली. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियातील नापा या गावी वेटोळे, पडदा आणि कर्णा यांची जुळणी करून १९१५ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढे जमलेल्या लोकसमुदायाला आवाज पोहोचविला. १९१९ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगो येथे काचेच्या कक्षात उभे राहून याच दोघांच्या मॅग्नाव्हॉक्स नावाच्या यंत्रणेद्वारे एका प्रचंड सभेला उद्देशून भाषण केले. आपल्याकडे या शोधाची पहिली ओळख झाली तीही घरात नव्हे, मैदानावर. मुंबईच्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने यांनी १९३१ च्या कराची काँग्रेसच्या सुमारापासून राष्ट्रीय सभांसाठी ध्वनिक्षेपक पुरविले, आणि गांधीजींचा मुळातच मृदू असलेला आवाज मैदानाच्या कडेला बसलेल्या माणसापर्यंत गेला. हेच मोटवाने पुढे १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात आरोपी होते, ही गोष्ट त्या काळी ध्वनीचे साधन किती जबाबदारीचे मानले जात होते याची साक्ष देते. कर्ण्याच्या त्या यंत्रांत वेटोळ्यावर फारसा भार येत नसे. कारण हवेवर पकड घेण्याचे काम कर्णाच करी आणि थोड्याशा विद्युत्शक्तीतून पुष्कळ आवाज निघे.

घरगुती स्पीकरचा खरा जन्म १९२५ चा. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी त्या वर्षी आपला निबंध प्रसिद्ध केला आणि कर्णा अजिबात काढून टाकून, लहान वेटोळ्याने हलणारा कागदी शंकू एका फळीत बसवून दाखविला. त्यांच्या रचनेचे तत्त्व इतके पक्के ठरले की आजही दुकानात मिळणारा बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याच घराण्यातला आहे. कर्णा गेल्यामुळे आवाजातला पत्र्यासारखा कर्कशपणा गेला आणि खर्जाचे स्वर प्रथमच नीट ऐकू येऊ लागले. मात्र त्याबरोबर कर्ण्याची काटकसरही गेली. अशा शंकूला दिलेल्या विद्युत्शक्तीपैकी शेकडा एक भाग, किंवा त्याहूनही कमी, ध्वनीत रूपांतरित होतो आणि उरलेली सर्व वेटोळ्यात उष्णता होऊन राहते. संगीत ऐकण्यासाठी घरात आणलेले हे यंत्र वस्तुतः एक छोटीशी शेगडी होते. फक्त तिला मिळणारे इंधन त्या काळी इतके अल्प होते की तिची धग कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते.

कारण १९३० च्या दशकातला रेडिओ प्रवाहाला बळ देणाऱ्या एका व्हॉल्व्हमधून तीन-चार वॉट शक्ती काढी. ठाण्याला पुढे निघालेल्या मर्फीच्या कारखान्यातले संच असोत की विलायतेहून आलेले, टपाल कचेरीतून वर्षाचा परवाना काढून दिवाणखान्यातल्या फळीवर जपून ठेवलेल्या या पेटीची कळ कितीही फिरवली तरी आतल्या स्पीकरला इजा होणे दुर्मिळच. आवाज वाढविता वाढविता तो घोगरा होई, गायकाचा स्वर फाटू लागे, सतारीच्या तारेवर जणू खरखरीचा लेप चढे, आणि घरातले वडीलधारे माणूस कळ मागे फिरवी. व्हॉल्व्ह आपल्या शक्तीच्या सीमेजवळ येताना एकदम हात टेकत नसे. त्याचा स्वर हळूहळू, बऱ्याच आधीपासून, बिघडू लागे, आणि हा बिघाड ऐकून श्रोता आपसूक थांबे. यंत्राच्या दुबळेपणातच त्याच्या संरक्षणाची तरतूद होती, हे त्या पिढीला वेगळे शिकवावे लागले नाही.

आवाजाची कळ श्रोत्याच्या हाती देण्यात केवढे सामर्थ्य आहे, याचा एक भव्य प्रयोग २७ एप्रिल १९३३ रोजी झाला. बेल प्रयोगशाळेच्या विद्यमाने फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद आपल्या गावी वाजत होता, आणि वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तीन वेगळ्या मार्गांनी आलेला त्याचा ध्वनी मोठाल्या स्पीकरांतून उमटत होता. वृंदाचे प्रख्यात संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या रात्री वादकांसमोर उभे नव्हते, ते वॉशिंग्टनला कळा हाती घेऊन बसले होते आणि वृंदाला हवे तेव्हा त्याच्या नैसर्गिक आवाजापलीकडे नेत होते. घरोघरी श्रोता पुढे जे करणार होता त्याची ही पहिली जाहीर रंगीत तालीम म्हणता येईल. त्याच वर्षी, त्याच प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी मनुष्याच्या कानाची मोजणी प्रसिद्ध करून दाखविले की आवाज मंद असताना कान खर्जाला विशेष बधिर असतो. या निष्कर्षातून अ‍ॅम्प्लिफायरवरची ‘लाउडनेस’ची कळ आणि खर्ज वाढविणारी कळ यांना शास्त्राचा आधार मिळाला. मंद आवाजासाठी योजलेल्या या कळा मोठ्या आवाजातही तशाच चालू ठेवण्याची खोड श्रोत्यांना पुढे लागली, आणि स्पीकरच्या विनाशाचा एक मोठा हिस्सा तिच्या नावे मांडावा लागेल. कारण खर्ज दहा डेसिबेलांनी वाढविणे म्हणजे त्या स्वरांसाठी दसपट शक्ती मागणे होय, आणि कळ फिरविणाऱ्या बोटाला या दसपटीचा कोणताही भार जाणवत नाही.

युद्धानंतर १९४८ मध्ये दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली आणि हौशी श्रोत्यांचा एक नवा वर्ग उदयास आला. यॉर्कशायरमध्ये व्हार्फडेल या नावाने स्पीकर बनविणारे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी लोकांना समजेल अशा भाषेत स्पीकरवर पुस्तक लिहिले आणि १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये क्वाडच्या पीटर वॉकर यांच्या साह्याने प्रत्यक्ष वादन आणि त्याचे मुद्रण यांची तुलना हजारो श्रोत्यांसमोर केली. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्यालाच कर्ण्याचा भाग बनवून एक अवाढव्य पेटी रचली होती, जिला एका वॉटात खोली दणाणून सोडता येई. याच्या अगदी उलट दिशेने एडगर व्हिल्चर गेले. १९५४ मध्ये हेन्री क्लॉस यांच्या सहकार्याने त्यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला. त्याची पेटी चहूबाजूंनी बंद होती, आत कोंडलेली हवाच शंकूला स्प्रिंगसारखी परत ढकलत असे, आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा आकारातून पूर्वी कपाटाएवढ्या पेटीतूनही न निघणारा खर्ज निघे. किंमत एकच: हा स्पीकर शक्तीचा मोठा भोक्ता होता. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या सर्वत्र मिळू लागल्या तेव्हा प्रत्येक घराला एकाऐवजी दोन पेट्या हव्या झाल्या, दोन कपाटे ठेवण्याइतकी जागा सामान्य घरात नव्हती, म्हणून लहान बंद पेटी जिंकली. आणि तिच्याबरोबर अधिक वॉटांची मागणी, व त्या वॉटांबरोबर वेटोळ्यातली उष्णता, घराघरांत शिरली.

येथे थोडे गणित सांगणे प्राप्त आहे, कारण या विषयातले बहुतेक गैरसमज त्याच्या अज्ञानातून निघालेले आहेत. आवाज केवळ तीन डेसिबेलांनी, म्हणजे जेमतेम लक्षात येण्याइतका, वाढवायचा तर शक्ती दुप्पट लागते. तो कानाला दुप्पट वाटावा अशी इच्छा असेल तर साधारणतः दसपट. दिवाणखान्यात मध्यम आवाजात ख्याल ऐकताना स्पीकरला सरासरी एक वॉटही मिळत नसतो, परंतु तबल्यावर चाट वाजताच क्षणभर उसळणारे शिखर सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबेल वर जाते, आणि वीस डेसिबेल म्हणजे शंभरपट. क्षणिक शिखर वेटोळ्याला तापवीत नाही. तापविते ती तासन्‌तास चाललेली सरासरी. तांब्याचा स्वभाव असा की दर अंश सेल्सियसला त्याचा विद्युत्‌रोध शेकडा सुमारे ०.३९ ने वाढतो, आणि वेटोळे २० अंशांवरून २०० अंशांवर पोहोचले की तो मूळच्या १.७ पट होतो. रोध वाढल्याने प्रवाह घटतो, आवाज दबतो, आणि रात्र चढत जाते तसा आपल्याला आवाज अपुरा वाटू लागतो. त्यातच मोठ्या आवाजाने कानही तात्पुरता बधिर झालेला असतो. एकीकडे थकलेला स्पीकर आणि दुसरीकडे थकलेला कान, अशा दुहेरी फसवणुकीत श्रोता कळ आणखी पुढे नेतो. मैफलीच्या सुरुवातीला पुरेशी वाटलेली कळ शेवटी दुप्पट अंतरावर कशी पोहोचते, याचे उत्तर या दोन थकव्यांत आहे, आणि अर्ध्या तासाची विश्रांती हा त्यावरचा अजूनही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तरीही व्हॉल्व्हच्या राज्यात अनर्थ मर्यादेत होते. त्या राज्याचा अस्त १९६० च्या दशकात झाला. बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या अखेरीस जन्मलेला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरला, जड आणि महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर काढून टाकला गेला, आणि पूर्वी श्रीमंतांनाच परवडणारे साठ-शंभर वॉट मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आले. या बदलात श्रोत्याने दोन रक्षक गमावले. पहिला रक्षक म्हणजे तो ट्रान्सफॉर्मरच. त्याच्यातून एकदिश प्रवाह पलीकडे जाऊ शकत नसे. त्यामुळे व्हॉल्व्ह बिघडला तरी स्पीकर वाचे. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र स्पीकरला थेट जोडलेला असतो, आणि त्यातला एखादा ट्रान्झिस्टर आरपार जळून गेला तर वीजपुरवठ्याचा सारा दाब वेटोळ्यावर येऊन बसतो. चाळीस व्होल्टांचा दाब सहा ओहमांच्या वेटोळ्यावर स्थिर राहिला तर अडीचशे वॉटांहून अधिक उष्णता अखंड निर्माण होते, शंकू एका टोकाला जाऊन खिळतो, हवा हलवून स्वतःला थंड करण्याची त्याची सोयही बंद पडते, आणि काही क्षणांतच जळक्या कागदाचा वास खोलीत पसरतो.

दुसरा गमावलेला रक्षक अधिक सूक्ष्म होता. ट्रान्झिस्टर आपल्या सीमेपर्यंत अत्यंत स्वच्छ वाजतो आणि सीमा येताच ध्वनिलहरीचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट करून टाकतो. या कापाकापीला दुकानदार आणि कारागीर ‘क्लिपिंग’ म्हणतात, आणि स्पीकरच्या मृत्यूंची नोंद ठेवणारे एखादे दप्तर असते तर त्यात हे नाव सर्वाधिक वेळा आढळले असते. लोकांची समजूत अशी की दुबळा अ‍ॅम्प्लिफायर निरुपद्रवी आणि बलाढ्य अ‍ॅम्प्लिफायर घातक. अनुभव बहुधा याच्या उलट येतो. पन्नास वॉटांचा म्हणून विकलेला अ‍ॅम्प्लिफायर पूर्णपणे कापला जाईपर्यंत ताणला तर त्याच्यातून जवळजवळ दुप्पट शक्ती बाहेर पडते, कारण सपाट माथ्याची लहर त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. शिवाय संगीतातली बहुतेक शक्ती खर्जात असते, तारस्वरांचा वाटा अल्प असतो, आणि हे गृहीत धरूनच वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, केसासारख्या बारीक तारेने गुंडाळलेला असतो. सतत दिलेले थोडेच वॉट त्याला सोसतात. कळ पुढे नेत गेल्यावर खर्जाची शिखरे छताला टेकून तेथेच थांबतात, परंतु त्यांच्या सावलीतले तारस्वर मात्र वाढतच राहतात, आणि कापलेल्या कडांतून नव्याने निपजलेल्या स्वरांची त्यांत भर पडते. परिणामी ज्याचा वाटा सर्वांत लहान ठरविला होता त्या ट्विटरच्या माथी मोठा हिस्सा येतो आणि तो मूकपणे जळून जातो. खर्जाच्या गजरात हे जळणे ध्यानातही येत नाही. दुसऱ्या दिवशी गाणे काहीसे मळकट वाटते, तेव्हा कोठे शंका येते. म्हणून जाणकार मंडळी स्पीकरच्या क्षमतेपेक्षा थोडा अधिक बळाचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तो मर्यादेने वाजवावा असा सल्ला देत आली, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला तो सर्वांत शहाणपणाचा सल्ला आहे.

गमावलेल्या सूचनांच्या बदली ज्या तजविजी निघाल्या त्यांचा इतिहास कल्पकतेने भरलेला आहे. सर्वांत आधी आला तो साधा फ्यूज, स्पीकरच्या तारेत मध्येच बसविलेला. तो वितळला की संगीत थांबे आणि मालकाला दुकानात जाण्यापूर्वी विचार करण्याची संधी मिळे. १९७० च्या दशकात, विशेषतः जपानी अ‍ॅम्प्लिफायरांतून, रिले आला: यंत्र चालू केल्यावर काही सेकंद थांबून, बाहेर एकदिश दाब नाही याची खातरजमा करून, मगच ‘टक्‌’ असा आवाज करीत तो स्पीकर जोडी. काही कारखानदारांनी पेटीच्या आत ट्विटरच्या वाटेवर लहानसा दिवा बसविला. प्रवाह वाढला की दिव्याची तार तापून तिचा रोध वाढे आणि जास्तीची शक्ती प्रकाशाच्या आणि उष्णतेच्या रूपाने तेथेच खर्च होई. वेटोळे ज्या नळीवर गुंडाळतात ती पूर्वी कागदाची असे. तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आणि नंतर अग्नीला न बधणारे कॅप्टन नावाचे पातळ पटल आले. लोहचुंबकीय द्रव हा तर अवकाशयुगाचाच प्रसाद: नासातील स्टीफन पॅपेल यांनी १९६३ च्या सुमारास वजनरहित अवस्थेत इंधन खेचून आणण्यासाठी तो शोधला, आणि १९७० च्या दशकात त्याचे काही थेंब ट्विटरच्या खाचेत घालून वेटोळ्याची उष्णता भोवतालच्या लोखंडात वाहून नेण्याची युक्ती निघाली. पीटर वॉकर यांचा १९५७ चा विद्युत्स्थितिक स्पीकर वेटोळ्याशिवायच चाले, पण जास्त दाबाने त्याच्या पातळ पडद्यात ठिणगी पडून भोक पडे. म्हणून १९८१ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या ईएसएल-६३ मध्ये ठिणगीची पूर्वचाहूल घेऊन तत्क्षणी आत येणारा प्रवाहच वळविणारे मंडल बसविलेले होते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दशकात, शंकू किती अंतर सुरक्षितपणे हलू शकतो याचे गणित बांधून दिले. भोक ठेवलेल्या पेटीत ठराविक स्वराच्या खाली शंकूला हवेचा आधारच उरत नाही, आणि वाकड्या तबकडीच्या अश्राव्य हेलकाव्यांनीही तो वेड्यासारखा फडफडतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

शक्तीच्या आकड्यांबाबत मात्र व्यापाराने दीर्घकाळ जनतेची दिशाभूल केली, आणि याबद्दल मला मनापासून खेद वाटतो. कारण खोट्या आकड्यावर विसंबूनच पुष्कळ स्पीकर जळले. अमेरिकेत १९६० च्या दशकात एकच अ‍ॅम्प्लिफायर निरनिराळ्या मापांनी मोजून कोणी शंभर वॉटांचा, कोणी दोनशेचा म्हणून विकत असे. शेवटी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम करून सरासरी अखंड शक्तीच जाहीर करण्याचे बंधन घातले, आणि मोजणीपूर्वी अ‍ॅम्प्लिफायर आपल्या शक्तीच्या एक-तृतीयांशावर तासभर तापवावा अशी अटही घातली. आपल्याकडे १९९० च्या दशकात हाच प्रकार ‘पीएमपीओ’ या चार अक्षरांच्या रूपाने अवतरला. हातात उचलता येणाऱ्या टेपरेकॉर्डरवर हजाराचे आकडे झळकू लागले, प्रत्यक्षात त्यातून दहा-वीस वॉटही धड निघत नसत, आणि आकड्यावर श्रद्धा ठेवून कळ शेवटपर्यंत नेणाऱ्या श्रोत्याच्या पदरी कापलेला, किंचाळणारा नाद आणि थोड्याच दिवसांत मूक ट्विटर पडे.

या इतिहासातले सर्वांत नाट्यमय प्रकरण तोफांचे आहे. चायकोव्स्कीची ‘१८१२’ ही रचना तिच्या अखेरच्या भागात खरोखरीच्या तोफांची मागणी करते. मर्क्युरी कंपनीने अंतल दोराती यांच्या संचालनाखाली १९५४ मध्ये वेस्ट पॉइंट येथील तोफ मुद्रित करून या रचनेच्या मुद्रणाला जोडली, तेव्हाच श्रोत्यांच्या यंत्रांची परीक्षा सुरू झाली. परंतु टेलार्क कंपनीने सिनसिनाटी वृंदाचे, एरिक कुन्झेल यांच्या संचालनाखालचे, नव्या अंकीय पद्धतीने केलेले मुद्रण १९७९ मध्ये काढले तेव्हा तोफांचे स्वर इतक्या खोल खर्जात आणि इतक्या बळाने तबकडीवर उतरले होते की खाचेचे नागमोडी वळण उघड्या डोळ्यांना दिसे, आणि वेष्टनावर कंपनीला छापील इशारा द्यावा लागला: तोफा फार उच्च पातळीवर मुद्रित आहेत, आपल्या यंत्राची सुरक्षित मर्यादा कळेपर्यंत आवाज कमीच ठेवावा. मुद्रण विकणाऱ्यानेच वाजविणाऱ्याला सावध करण्याचा प्रसंग यापूर्वी क्वचितच आला असेल, आणि मला तो या व्यवसायाच्या प्रामाणिकपणाचा एक उत्तम दाखला वाटतो.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि शेवटची श्राव्य सूचनाही नाहीशी झाली. तबकडीवर सुई टेकताच, गाणे सुरू होण्यापूर्वी, एक बारीक खरखर ऐकू येई. ती खरखर किती मोठी आहे यावरून कळ किती पुढे आहे हे श्रोत्याला नकळत उमजे आणि तो हात आखडता घेई. डिस्कच्या प्रारंभी निव्वळ शांतता असते. त्या शांततेत श्रोता कळ पुढे नेतो, आणि पहिलाच आघात पूर्ण बळाने येऊन आदळतो. यात आणखी एका गोष्टीची भर पडली. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांची रचना दोनशे मिलिव्होल्टांच्या आसपासच्या संकेतासाठी होती, डिस्क वाजविणारे यंत्र मात्र दोन व्होल्टांपर्यंतचा संकेत देते. त्यामुळे कळ निम्म्यावरही पोहोचलेली नसताना अ‍ॅम्प्लिफायर आपली सारी शक्ती देऊन बसलेला असतो. कळ अर्धीच फिरविली आहे म्हणजे अर्धीच शक्ती वापरली जात आहे, ही समजूत आजही अनेक घरांत टिकून आहे, आणि तिच्याइतकी स्पीकरला घातक समजूत दुसरी नसेल.

जळालेल्या स्पीकरांचा शेवटचा मुक्काम म्हणजे दुरुस्तीचे दुकान. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत आणि पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या बाजारात, ही दुरुस्ती दीर्घकाळ चालत आली आहे. कारागीर जुना कोन, म्हणजे कागदी शंकू, आणि वेटोळे सुटे करतो, चुंबकाची खाच चिकटपट्टी घालून लोखंडाच्या कणांपासून स्वच्छ करतो, नव्या नळीवर मिनेची तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून हाताने गुंडाळतो, वेटोळे खाचेच्या मधोमध राहावे म्हणून सभोवती पातळ पट्ट्या खोचतो आणि गोंद वाळेपर्यंत त्यांना हात लावीत नाही; पट्ट्या काढल्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हलकेच दाबून घासण्याचा आवाज येतो का हे कान लावून ऐकतो. अशा कारागिराला बाहेर काढलेले वेटोळे पाहून मालकाने आपले यंत्र कसे वाजविले हे सांगता येते. सर्व वेढे सारखेच काळे पडले असतील, मिना उडाली असेल आणि नळी फुगली असेल, तर सतत जास्त शक्ती मिळून तापण्याचे प्रकरण; नळीची खालची कड चेचलेली असेल किंवा वेटोळ्याला मधोमध धरून ठेवणारा स्पायडर उसवला असेल, तर खर्जाची कळ वाढवून शंकूला त्याच्या मर्यादेपलीकडे धावविल्याचे; वेटोळे एकाच टोकाला जळून बाहेर ढकललेले असेल, तर दोष श्रोत्याचा नसून अ‍ॅम्प्लिफायरचा, आणि तो आधी दुरुस्त केल्याशिवाय नवा कोन बसविणे व्यर्थ, असे तो स्पष्ट बजावतो. काळ्या वेटोळ्याच्या मालकाला तो सांगतो की खर्जाची आणि ‘लाउडनेस’ची कळ मध्यावर आणा, मोठ्या आवाजात ऐकायचेच असेल तर मधूनमधून थांबा, आणि तारस्वर किंचाळू लागला किंवा गायकाचा शब्द फाटू लागला की त्याच क्षणी कळ मागे घ्या. नव्या कोनाचा कागद आणि कडा ताठ असतात. म्हणून पहिले काही दिवस स्पीकर मंद आवाजातच वाजवावा, असे सांगून तो पेटीचे स्क्रू आळीपाळीने, एकदा या कोपऱ्याचा तर एकदा समोरच्या कोपऱ्याचा, आवळू लागतो, म्हणजे चौकट पिळवटून वेटोळे पुन्हा खाचेला लागणार नाही.